बक्षीस : लालूच की पावती?

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त चेन्नई येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपल्या शाळेने साठ वर्षे पूर्ण केली. या निमित्ताने गावोगावी मेळावे होत आहेत. परंतु महाराष्ट्राबाहेर, समुद्रकाठच्या या महानगरात शाळेच्या नावाने इतकी माणसे एकत्र येतील असे मला वाटले नव्हते. तंजावरच्या भोसले राजांपासून या तमिळभूमीत मराठी नांदत आली आहे. त्या जुन्या परंपरेत आपण नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने आपली भर घातलीत, आणि शाळेला विसरला नाहीत, याचा मला मनापासून आनंद आहे.

संयोजकांनी भाषणासाठी दोन प्रश्न कळवले होते. पहिला प्रश्न पालकांचा होता : मुलांनी अभ्यास करावा म्हणून त्यांना बक्षीस कबूल करावे की करू नये? दुसरा प्रश्न थोड्या संकोचाने विचारलेला होता. येथील बऱ्याच घरांत कुत्रा पाळलेला आहे, त्याला खाऊ देऊन शिकवावे असे प्रशिक्षक सांगतात. पण मग तो खाऊ हातात असेल तेव्हाच ऐकतो अशी अनेकांची तक्रार आहे, तर एक शिक्षिका म्हणून मला काय वाटते? हे दोन प्रश्न मला वेगळे वाटले नाहीत. म्हणून आज मी दुसऱ्या प्रश्नाच्या वाटेने पहिल्याकडे जाणार आहे. मुलांची तुलना कुत्र्याशी केली म्हणून कोणी रागावू नये. दोघांत जेथे साम्य आहे ते सांगेन, आणि जेथे साम्य संपते तेही तितक्याच स्पष्टपणे सांगेन.

प्रारंभ शब्दांपासून करते. मराठीच्या शिक्षिकेची ती सवय आहे. आमिष, लालूच आणि बक्षीस हे तीन शब्द आपण कित्येकदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु आमिष गळाला लावलेले असते. ते माशाच्या हिताचे नसते. लालूच कामाच्या आधी दाखवली जाते. बक्षीस मात्र काम झाल्यावर मिळते. यांच्या जोडीला मराठीत आणखी एक सुंदर शब्द आहे, तो म्हणजे पावती. 'कष्टांची पावती मिळाली' असे आपण म्हणतो. पावती ही व्यवहार पुरा झाल्याची खूण असते, आणि कशाबद्दल दिली ते तिच्यावर लिहिलेले असते. खाऊ देऊन शिकवण्याचे सारे शास्त्र मला या एका शब्दात दिसते. खाऊ पावतीसारखा दिला तर प्राणी शिकतो. लालूच म्हणून दाखवला तर तो फक्त हाताकडे पाहायला शिकतो.

आपल्यापैकी ज्यांनी बी.एड. केले आहे त्यांना थॉर्नडाइक, पाव्हलॉव्ह आणि स्किनर ही नावे परीक्षेपुरती तरी पाठ असतील. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली भुकेल्या मांजरांना पेटीत ठेवून पाहिले. दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे आणि बाहेर ठेवलेले अन्न मिळे. पहिल्या खेपेस मांजर ओरबाडे, धडपडे, आणि योगायोगाने खटका दाबला जाई. पुढच्या खेपांत निरर्थक धडपड कमी होत गेली. ज्या कृतीचा परिणाम सुखकारक, ती कृती पुन्हा घडते, हा त्यांचा नियम. पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. पण जगाच्या लक्षात राहिले ते त्यांचे कुत्रे, ज्यांना अन्न येण्यापूर्वीच्या खुणेनेही लाळ सुटू लागली. स्किनर यांनी पुढे दाखवले की मोठी शिकवण लहान लहान पायऱ्यांत तोडून प्रत्येक पायरीला पावती दिली, तर कबुतरालासुद्धा अवघड गोष्टी शिकवता येतात.

हे सारे प्रयोगशाळेत ठाऊक असूनही कुत्र्यांच्या शिक्षणात दीर्घकाळ गळ्यातील साखळीचा हिसका आणि दरडावणी यांचेच राज्य होते. बदल घडवून आणण्यात डॉल्फिन माशाचा, खरे तर मासा नव्हे, त्या सस्तन प्राण्याचा मोठा वाटा आहे. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही. त्याला धाक दाखवला तर तो पोहत दूर निघून जातो. त्यामुळे त्याला शिकवणाऱ्यांपाशी शिट्टी आणि मासळीचा तुकडा एवढीच साधने उरली. अमेरिकेतील कॅरन प्रायर या डॉल्फिनच्या प्रशिक्षिका. त्यांनी १९८४ साली लिहिलेल्या पुस्तकाने हीच रीत कुत्रे पाळणाऱ्या सामान्य घरांपर्यंत पोहोचवली. शिट्टीच्या जागी 'टिक्' असा आवाज करणारी लहानशी डबी आली. आवाजाचा अर्थ एवढाच : आत्ता, या क्षणी जे केलेस, ते बरोबर आहे, तुझा खाऊ येत आहे.

डबी नसली तरी चालते. 'छान' हा आपला छोटा शब्द पुरेसा आहे, मात्र तो प्रत्येक वेळी एकाच स्वरात उच्चारला पाहिजे. कुत्र्याला बसायला कसे शिकवतात ते पाहू. खाऊचा वाटाण्याएवढा तुकडा त्याच्या नाकाशी धरून हात हळूहळू वर आणि किंचित मागे न्यावा. मान वर जाताच मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकला, त्याच क्षणी 'छान' म्हणावे आणि तुकडा द्यावा. येथे पहिल्या चार-पाच वेळा हातात आमिषच असते हे मी लपवत नाही. म्हणूनच सहाव्या वेळी हात रिकामा हवा. खूण तीच करावी, आणि कुत्रा बसल्यावर खाऊ दुसऱ्या हातातून यावा. तो खुणेने बसू लागला की मगच 'बस' हा शब्द जोडावा. बहुतेक घरांत नेमकी ही सहावी वेळ येत नाही. हातात तुकडा धरून आठवडेच्या आठवडे 'बस, बस' चालू राहते, आणि मग तक्रार होते की खाऊ दिसल्याशिवाय तो ऐकत नाही. तो ऐकणार कसा? हात भरलेला दिसला तरच बसायचे, असेच आपण त्याला शिकवलेले असते.

वेळेचे महत्त्व याहून मोठे आहे. पावती क्षणाच्या आत पोहोचली पाहिजे. कुत्रा बसला, आपण फ्रिज उघडला, डबा शोधला, तोवर तो उठून शेपूट हलवत आपल्या मागे आला आणि मग आपण तुकडा दिला, तर पावती बसण्याची नसून मागे येण्याची झाली. दाराची घंटा वाजताच भुंकणाऱ्या कुत्र्याला गप्प करण्यासाठी आजी बिस्किट टाकते. आजीच्या मनात ती गप्प बसण्याची विनंती असते. कुत्र्याच्या हिशेबी ती भुंकण्याची पावती असते. आपण शिकवत नसतो तेव्हाही तो शिकतच असतो. घरातील मोठ्यांनी एकमताने वागणे म्हणूनच आवश्यक आहे, आणि हे वाक्य ऐकताना काही पालकांना कुत्र्यापेक्षा वेगळेच कोणी आठवले असेल.

चेन्नईच्या मराठी घरात एक गमतीची अडचण आहे. कामाला येणाऱ्या अम्मा कुत्र्याला तमिळमध्ये 'वा' म्हणून बोलावतात, म्हणजे 'ये'. आपण मात्र कौतुकाने 'वा! वा!' म्हणतो. छान बसलेल्या कुत्र्याला मालकाने दाद द्यावी आणि त्याने ती हाक समजून उठून यावे, यात त्याचा दोष नाही. शब्दाचा अर्थ त्याला कोशातून कळत नाही, तो अनुभवातून कळतो. म्हणून घरातील सर्वांनी, अम्मांसह, कोणत्या कृतीसाठी कोणता शब्द वापरायचा हे ठरवून घ्यावे. मग तो मराठी असो वा तमिळ.

खाऊ कोणता द्यावा, हेही येथल्या घरांना धरून सांगते. दहीभातावर वाढलेल्या कुत्र्याला उकडलेल्या अंड्याचा, कोंबडीचा किंवा पनीरचा बारीक तुकडा अपूर्वाईचा वाटतो; काहींना गाजरही पुरते. पशुवैद्यांचा सर्वसाधारण सल्ला असा असतो की दिवसभराच्या आहारातील उष्मांकांपैकी दहाव्या भागाहून अधिक वाटा या खाऊचा नसावा. चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका कुत्र्याला घातक आहेत. कांदा आणि लसूणही अपायकारक. तेव्हा दिवाळीचे चॉकलेट, पोंगलमधील मनुका आणि सांबारातील छोटा कांदा प्रेमानेसुद्धा देऊ नये. शिकवण्याची वेळ पहाटेची असावी. अग्निनक्षत्राच्या दिवसांत येथील डांबरी रस्ता सकाळी लवकरच तापतो. आपल्या हाताचा मागचा भाग पाच-सात सेकंद रस्त्यावर ठेवता येत नसेल, तर त्यावर कुत्र्याचे पायही ठेवू नयेत.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. काही जण कुत्र्याने ऐकावे म्हणून त्याला उपाशी ठेवतात. आपली परंपरा असे सांगत नाही. भाकर पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. जेवण हा घरातील जिवाचा हक्क आहे. ते कमवायचे नसते. कमवायची असते ती पावती. हक्काचे अन्न आणि मिळवलेला खाऊ यांतील सीमारेषा जो मालक ओळखतो, त्याचा कुत्रा निर्धास्तपणे शिकतो.

सर्वच कुत्र्यांना खाण्याची ओढ सारखी नसते. लॅब्राडॉर खादाड म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्यामागे कारणही आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले की अनेक लॅब्राडॉर कुत्र्यांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे त्यांची अन्नाची ओढ अधिक असते. आणि अपंगांना साहाय्य करणाऱ्या प्रशिक्षित लॅब्राडॉरमध्ये हा बदल अधिक प्रमाणात आढळला. याउलट तमिळनाडूचे राजपालयम, चिप्पिपारै आणि कन्नी, किंवा आपल्याकडील मुधोळ आणि कारवान पाहा. राजपालयम आणि मुधोळ या दोघांना भारतीय टपाल खात्याने २००५ साली एकाच मालिकेतील तिकिटांवर स्थान दिले. यांतील शिकारी जाती नजरेने सावज टिपून वाऱ्यासारख्या धावणाऱ्या. त्यांच्यापुढे पनीर धरले तर ते कदाचित तोंड फिरवतील, आणि मालक म्हणेल, 'हा मठ्ठ आहे.' तो मठ्ठ नसतो. त्याच्या लेखी बक्षीस म्हणजे मोकळ्या जागेत मिळालेली धाव. दोन मिनिटे शांत बसल्यावर दोरी सुटते आणि धावायला मिळते, हे कळले की तोही शिकतो. बक्षीस कशाला म्हणायचे हे देणारा ठरवत नाही, शिकणारा ठरवतो. वर्गात चाळीस मुलांना एकच पेन्सिल-संच वाटणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे वाक्य विचार करायला लावणारे आहे.

या रीतीने शिकलेला कुत्रा किती मोठे काम करू शकतो, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील 'झंजीर' हा लॅब्राडॉर आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याचे शिक्षण पुण्याच्या पोलीस श्वान प्रशिक्षण केंद्रात झाले. १९९२ च्या डिसेंबरअखेर तो पथकात दाखल झाला, आणि अवघ्या काही आठवड्यांनी, मार्च १९९३ मध्ये, मुंबई साखळी स्फोटांनी हादरली. त्या काळात त्याने हुडकून काढलेल्या स्फोटकांत ३,३२९ किलो आरडीएक्सची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. 

अशा शोधक कुत्र्यांचे शिक्षण कसे होते? विशिष्ट वास सापडला की आवडता चेंडू किंवा खाऊ मिळतो, ही सांगड आधी पक्की केली जाते. मग वास अधिकाधिक लपवला जातो. स्फोटक सापडल्यावर भुंकायचे नाही, नखांनी उकरायचे तर मुळीच नाही. शांतपणे बसून राहायचे. जेथे नखाचा एक ओरखडा जीवघेणा ठरू शकतो, तेथे हे बसणे किती मोलाचे! ते दरडावून शिकवता येत नाही. धाकाने शिकलेला कुत्रा चूक टाळण्यासाठी शोधच टाळू लागेल. तासन् तास वास घेत राहण्याची उमेद फक्त त्यालाच असते, ज्याला शोधण्यात आनंद वाटतो. शिवाय प्रत्यक्ष कामावर प्रत्येक पिशवीत स्फोटक नसते. शंभर पिशव्या हुंगून काहीही हाती न लागता तो पुढच्या पिशवीकडे जातो. शिकवताना प्रत्येक वेळी मिळणारी पावती हळूहळू अधूनमधून मिळू लागते, आणि शिकणारा टिकून राहतो, हे त्याचे रहस्य आहे.

शिक्षेचा पक्ष घेणारेही असतात. 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे' ही म्हण ते तोंडावर टाकतात. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० साली ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचे शिक्षण प्रामुख्याने खाऊ आणि कौतुकाने झाले होते, काहींचे हिसके आणि दरडावणीने. दुसऱ्या गटातील कुत्र्यांत शिकताना ताणाची लक्षणे अधिक दिसली, आणि शिक्षणानंतर त्यांच्या लाळेत ताणाशी निगडित संप्रेरकही अधिक आढळले. एवढेच नव्हे, समोरच्या भांड्यात अन्न असेल की नसेल अशी शंका असता, शिक्षेचा अनुभव अधिक असलेले कुत्रे तेथे जायला अधिक वेळ घेत. त्यांची आशाच कमी झाली होती. हे मी वाचले तेव्हा मला कुत्रे दिसले नाहीत; उत्तर येत असूनही हात वर न करणारी शेवटच्या बाकावरची मुले दिसली. राहता राहिले शेपूट. ते सरळ करणे हे शिक्षणाचे काम नव्हे. ते आनंदाने हलत आहे की पायांत दडले आहे, एवढे आपण पाहावे.

हा विषय घरापुरता नाही, हे चेन्नईकरांना सांगायला नको. मे २०२४ मध्ये थाउजंड लाइट्स भागातील महापालिकेच्या उद्यानात दोन रॉटवायलर कुत्र्यांनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केले, तेव्हा सारे शहर हळहळले. कुत्रा पाळणाऱ्याने त्याला शिकवणे आणि सार्वजनिक जागी दोरीने बांधून ताब्यात ठेवणे ही शेजाऱ्यांप्रती असलेली जबाबदारी आहे. प्रेम करतो म्हणून शिकवत नाही, असे म्हणणाऱ्याचे प्रेम अपुरे आहे.

आता मुलांकडे वळते. आमच्या पिढीच्या शाळेत छडी होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली, आणि छडी गेली, हे उत्तम झाले. परंतु रिकाम्या जागी काय आले? पालकसभेत मी ऐकते : 'नव्वद टक्के मिळवलेस तर सायकल', 'गृहपाठ संपवलास तर अर्धा तास मोबाइल.' छडीच्या जागी लालूच येऊन बसली. दोन्हींत एक साम्य आहे. दोन्ही मुलाचे लक्ष अभ्यासावरून काढून देणाऱ्याच्या हाताकडे वळवतात.

येथे माणूस आणि कुत्रा यांच्यातील भेदही सांगायला हवा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत झालेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची आवड असलेली मुले निवडली होती. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना न सांगता ते शेवटी दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहिले, तर ज्यांच्याशी आधी करार केला होता ती मुले इतरांच्या मानाने निम्मा वेळच चित्रे काढत होती. ज्यांना अनपेक्षित प्रशस्तिपत्रक मिळाले, त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. मूल केवळ काय मिळाले हे पाहत नाही. ते का मिळाले याचा अर्थ लावते. 'मला चित्र काढायला बक्षीस द्यावे लागते, म्हणजे चित्र काढणे मुळात आनंदाचे नसावे,' असा निष्कर्ष ते नकळत काढते. यावरून सर्वच बक्षिसे वाईट ठरत नाहीत. ज्या गोष्टीची गोडी अजून लागलेलीच नाही, तिच्या पहिल्या पायरीवर लहानसा खाऊ जरूर मदत करतो. आपण पाहिलेच की पहिल्या चार-पाच वेळा हातात तुकडा असतो. प्रश्न सहाव्या वेळेचा आहे.

या विचाराचे एक तीर्थक्षेत्र आपल्या याच शहरात, अड्यारला आहे. १९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मारिया माँटेसरी अड्यारला आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला, आणि त्या काळात भारतातील शेकडो शिक्षकांनी त्यांच्याकडे धडे घेतले. मूल स्वतःच्या कामात रमले की त्याला बक्षीस आणि शिक्षा दोन्ही नकोशा होतात, हे त्यांचे निरीक्षण होते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हाच विचार बोर्डी-कोसबाडच्या अंगणवाड्यांत, वनवासी मुलांच्या जीवनाशी जुळवून रुजवला. माँटेसरींना अड्यारला बोलावण्यात ज्यांचा वाटा होता, त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पुढे राज्यसभेत प्राण्यांना क्रूरतेपासून संरक्षण देणारे विधेयक मांडले. त्यातून १९६० चा कायदा आला, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मूल आणि मुका प्राणी, दोघांविषयीची ही आस्था एकाच परिसरात वाढली, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. जो दुबळा आहे आणि आपल्यावर अवलंबून आहे, त्याला भयाने वाकवायचे नाही आणि लोभाने विकतही घ्यायचे नाही, हे दोन्हींचे मूळ आहे.

आता मी माझ्या अवघड भागाकडे येते. या मेळाव्याच्या वतीने आपण शाळेला मोठी देणगी देऊ केली आहे. तिच्या व्याजातून दरवर्षी दहावीत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास रोख पारितोषिक द्यावे, अशी आपली इच्छा आहे. आपल्या भावनेपुढे मी नतमस्तक आहे. तरीही मुख्याध्यापिका या नात्याने मला आपल्याला विनंती करायची आहे की या पारितोषिकाचा पुनर्विचार व्हावा.

माझी कारणे आजच्या विषयातूनच येतात. मार्चमध्ये दिलेल्या परीक्षेचे पारितोषिक पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मिळते. तोवर ती मुलगी कॉलेजात गेलेली असते. ज्या रात्री तिने प्रमेय स्वतः सोडवले, त्या रात्रीशी त्या पाकिटाचा काय संबंध उरतो? दुसरे, पहिले येणारे मूल एकच असते, आणि बहुधा त्यालाच घरात, क्लासमध्ये, वर्तमानपत्रात पावत्या मिळत असतात. उरलेल्या वर्गाला समारंभात टाळ्या वाजवण्याचे काम राहते. पस्तीसवरून पंचावन्नवर आलेल्या मुलाने केलेली चढण पंचाण्णववरून सत्त्याण्णववर गेलेल्याहून उंच असते, पण तिची नोंद कोणी घेत नाही. तिसरे, ते पारितोषिक दहा वर्षे आधी जाहीर असते. मी ज्याला लालूच म्हटले, त्याची ही सर्वात प्रतिष्ठित आवृत्ती आहे.

त्याऐवजी काय? गेली दोन वर्षे आम्ही पाचवी ते सातवीच्या वर्गांत एक साधी पद्धत सुरू केली आहे. प्रत्येक वर्गशिक्षक आठवड्यातून चार विद्यार्थ्यांना हाताने लिहिलेली चिठ्ठी देतात. तिच्यात 'छान', 'हुशार' असे मोघम शब्द लिहायचे नाहीत; त्या मुलाने त्या आठवड्यात नेमके काय केले ते लिहायचे. 'भागाकाराचे उदाहरण तू तीनदा खोडलेस आणि चौथ्यांदा सोडवलेस.' 'नव्याने आलेल्या मुलीला तू डबा खाताना शेजारी बसवलेस.' वर्षअखेर वर्गातील प्रत्येक मुलाला किमान दोन चिठ्ठ्या मिळाल्या की नाही, हे मी स्वतः तपासते. चिठ्ठीसोबत चॉकलेट नसते, पैसे नसतात. तरीही कित्येक मुलांनी त्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवल्याचे पालक सांगतात. या चिठ्ठ्यांसाठी देणगी लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा वेळ आणि त्याची नजर. आणि तो वेळ मिळण्यासाठी देणगीचा खरा उपयोग होऊ शकतो. आपल्या निधीतून ग्रंथालयासाठी पूर्णवेळ ग्रंथपाल नेमता आला, प्रयोगशाळेत चार मुलांमागे एक सूक्ष्मदर्शक आला, तर शिक्षक मोकळे होतील आणि मुलांना अशा गोष्टी हाती लागतील ज्यांत त्यांचे मन आपसूक रमेल. पुस्तकाची पहिली गोडी आणि भिंगाखाली पाहिलेला कांद्याचा पापुद्रा यांना वेगळे बक्षीस जोडावे लागत नाही.

आपण माझे म्हणणे मान्य करालच असे मी गृहीत धरत नाही. मेळाव्यानंतर देणगी समितीची बैठक आहे. तेथे आपण मोकळेपणाने बोलावे, माझ्याशी वाद घालावा. निर्णय काहीही झाला तरी आपल्या औदार्याविषयी शाळेची कृतज्ञता तीच राहील.

ज्यांनी कुत्र्याविषयी विचारले, त्यांना थोडक्यात उत्तर देते. खाऊ जरूर द्या. लहान द्या, लगेच द्या, काम झाल्यावर द्या आणि हळूहळू विरळ करा. त्याच्या ताटातले कापून देऊ नका. आणि एखाद्या दिवशी खाऊ संपलेला असताना हाक मारताच तो धावत आला, तर त्याच्या पाठीवरून हात फिरवायला विसरू नका. ती पावती त्यालाही पुरते. पालकांना माझे उत्तर याहून फार वेगळे नाही. आज घरी गेल्यावर आपल्या मुलाने या आठवड्यात केलेली एखादी नेमकी गोष्ट त्याला सांगा, आणि तेवढ्यावर थांबा. तिला 'आता पुढच्या वेळी' असे शेपूट जोडू नका.

हीरक महोत्सवी वर्षात आपण सर्वांनी सहकुटुंब शाळेत यावे, एखाद्या वर्गाच्या मागच्या बाकावर तासभर बसावे, असे मी शाळेच्या वतीने निमंत्रण देते.